दुसऱ्या इंजेक्शननंतर: मूत्रपिंडातल्या दाहाचा वण कसा होतो

पहिल्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या रॅटना शिरेतून एकच इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या पिंजऱ्यातल्या रॅटना तेच इंजेक्शन मिळालं आणि मूत्रपिंडातली पहिली जखम ओली असतानाच पुन्हा एकदा तेच. जात एक, खाणं एक, टोचलेला पदार्थही एकच. महिना उलटल्यावर पहिल्या गटाच्या मूत्रपिंडांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर इथे काही घडून गेलं होतं हे ओळखणंही कठीण. दुसऱ्या गटाच्या गाळण्या मात्र घट्ट होत गेल्या, लघवीतून प्रथिनं जात राहिली, आणि ज्या भागाला इजा झालीच नव्हती तिथेही वण पसरला.

हे काम १९९४ साली प्रसिद्ध झालं. ते अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या यूटा विद्यापीठातलं, वेन बॉर्डर यांच्या गटाचं. मूत्रपिंडविकार शिकवताना आपण ‘दाह फार दिवस राहिला की फायब्रोसिस, म्हणजे वण, होतो’ असं एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. या दोन पिंजऱ्यांमुळे त्या वाक्यातल्या ‘की’पाशी थांबावं लागतं. दाह पहिल्या पिंजऱ्यातही झाला होता, आणि चांगला जोरदार झाला होता. मग वण दुसऱ्याच पिंजऱ्यात का राहिला?

थायमससाठीचं प्रतिपिंड, घाव मूत्रपिंडावर

रॅटच्या थायमस ग्रंथीतल्या पेशी दुसऱ्या जातीच्या प्राण्याला टोचल्या, तर त्याच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. त्या रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव, म्हणजे सीरम, परत रॅटला दिलं तर मार थायमसच्या पेशींवर बसेल, असं कुणालाही वाटेल. दोन्ही पिंजऱ्यांतलं इंजेक्शन याच सीरमचं होतं. पण त्यात मूत्रपिंडही सापडतं. थायमसच्या पेशींवर ‘थाय-१’ नावाचं जे प्रथिन असतं, तेच रॅटच्या मूत्रपिंडातल्या मेसँजियल पेशींवरही असतं.

या पेशी कुठे असतात ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. मूत्रपिंडातली गाळणी म्हणजे ग्लोमेरुलस. रॅटच्या एका मूत्रपिंडात अशा सुमारे ३०,००० गाळण्या असतात. माणसाच्या एका मूत्रपिंडात त्या सरासरी १० लाखांच्या आसपास, पण माणसामाणसांत हा आकडा कित्येक पटींनी बदलतो. प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा घोस. द्राक्षाच्या घडात मण्यांना मधून धरून ठेवणारा देठ असतो, तसा या घोसात मेसँजियम असतो. त्याच्या पेशी मेल्या तर केशवाहिन्यांच्या वेढ्यांचा आधार जातो आणि ते फुग्यांसारखे फुगतात.

माऊसच्या मेसँजियल पेशींवर थाय-१ नसतं, त्यामुळे हा प्रयोग माऊसवर जमत नाही. ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण एखादं जनुक काढून टाकलेले प्राणी त्या काळात माऊसचेच मिळत. म्हणून या प्रकरणातला काही पुरावा पुढे दुसऱ्याच प्रयोगातून आणावा लागला.

पहिला पिंजरा

प्रतिपिंड काही मिनिटांत मेसँजियल पेशींना चिकटतं. ते एकटं फारसं काही करत नाही. ते रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांना बोलावतं, आणि ती पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात. नागाच्या विषातून काढलेल्या एका प्रथिनानं कॉम्प्लिमेंट आधीच संपवून टाकलं, तर हीच प्रतिपिंडं चिकटूनही इजा जवळजवळ होत नाही. दिवसभरात मेसँजियम विरघळल्यासारखा दिसतो. मग तिथे बिंबाणू (प्लेटलेट) आणि मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रक्षक पेशी, जमतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चित्र उलटं फिरतं. वाचलेल्या मेसँजियल पेशी भराभर दुभंगू लागतात. त्यांना हे सांगणारा मुख्य संदेश म्हणजे पीडीजीएफ, बिंबाणूंपासून मिळणारा वाढघटक. तो अडवला तर पेशींची ही वाढ आणि तिच्यामागून येणारी, पेशींभोवतीच्या प्रथिनांच्या जाळ्याची भर, दोन्ही कमी होतात. या नव्या पेशींचं रूपही बदललेलं असतं: गुळगुळीत स्नायूत सापडणारं ॲक्टिन त्यांच्यात दिसू लागतं. म्हणजे त्या आता आकुंचन पावणाऱ्या, ओढून धरणाऱ्या आणि भोवती फायब्रोनेक्टिन व कोलॅजनचं जाळं सोडणाऱ्या पेशी झालेल्या असतात. आठवडाभरात गाळणी पेशींनी आणि जाळ्यानं गच्च भरते. या टप्प्यावर फक्त एवढाच काप कुणापुढे ठेवला तर तो म्हणेल, हे मूत्रपिंड वाचणार नाही.

ते वाचतं. पुढच्या तीन आठवड्यांत जास्तीच्या पेशी स्वतःहून मरतात, म्हणजे ॲपॉप्टोसिसनं जातात. मॅक्रोफेज निघून जातात. साचलेलं जाळं प्रथिनं कापणारी विकरं खाऊन टाकतात. गुडघ्यावरची खपली गळून खाली गुलाबी कातडी दिसावी, तसं गाळणीचं रूप परत येतं.

पहिल्या पिंजऱ्याला पुष्कळ जण नुसता तुलनेचा गट समजतात. मला तो या प्रकरणाचा अर्धा भाग वाटतो. कोलॅजन साचणं, पेशींचं रूप बदलणं, मॅक्रोफेज येणं, ज्यांना आपण फायब्रोसिसची लक्षणं म्हणून शिकवतो ती सगळी इथे पुरेपूर हजर होती, आणि तरी वण राहिला नाही. म्हणजे ही लक्षणं दुरुस्तीची आहेत. दुरुस्ती कधी संपते आणि कधी संपत नाही, हा खरा प्रश्न आहे.

दुरुस्तीचा मुकादम

बॉर्डर यांच्या गटानं या प्रश्नाला १९९० पासून हात घातला होता. त्यांच्यासोबत कॅलिफोर्नियातल्या ला होया इथले एर्की रुओस्लाती होते. फिनलंडहून आलेल्या रुओस्लातींचा अभ्यास पेशी भोवतालच्या जाळ्याला कशा चिकटतात यावरचा. दोघांचं लक्ष टीजीएफ-बीटा या रेणूवर गेलं. त्याच्या नावात ‘ट्रान्सफॉर्मिंग’ आहे, कारण प्रयोगशाळेतल्या काचपात्रात तो साध्या पेशींना कर्कपेशींसारखं वागायला लावतो, असं आधी दिसलं होतं. शरीरात त्याची कामं निराळी निघाली.

मेसँजियल पेशीवर तो तीन बाजूंनी काम करतो. फायब्रोनेक्टिन, कोलॅजन आणि प्रोटिओग्लायकन यांचं उत्पादन वाढवतो. हे जाळं कापणाऱ्या विकरांना आवर घालतो, त्यातही पीएआय-१ हे प्रथिन वाढवून प्लाझ्मिन हे कापणारं विकर तयार होणं थांबवतो. आणि पेशीवरचे इंटिग्रिन, म्हणजे जाळ्याला धरणारे रेणू, वाढवतो; त्यामुळे पेशी त्या जाळ्याला आणखी घट्ट धरते. बांधकाम वाढवायचं, पाडकाम थांबवायचं आणि मजुरांना जागेवर खिळवून ठेवायचं, अशा तिन्ही आज्ञा एकाच तोंडून. जखम भरायची असेल तर याहून नेमकं काही सुचणार नाही.

१९९० साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं की, इंजेक्शननंतर रॅटना टीजीएफ-बीटा-१ विरोधी सीरम दिलं तर गाळणीत साचणारं जाळं पुष्कळ कमी होतं. दोन वर्षांनी त्यांनी डेकोरिन वापरलं. हे शरीरातलंच एक प्रथिन, जाळ्याचाच भाग, टीजीएफ-बीटाला पकडून निष्प्रभ करणारं. त्यानंही तसाच परिणाम झाला. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी डेकोरिनचं जनुक रॅटच्या स्नायूत घातलं. प्रथिन स्नायूत तयार झालं आणि रक्तावाटे जाऊन त्यानं मूत्रपिंडाचं रक्षण केलं. मला या सगळ्या मालिकेत सर्वात देखणा वाटतो तो हाच प्रयोग.

अडवल्यावर कमी होतं, एवढ्यानं मात्र कारण सिद्ध होत नाही. उलट दिशेचा पुरावाही लागतो, आणि तो १९९३ मध्ये ओसाकाहून आला. तिथे निरोगी रॅटच्या मूत्रपिंडात नुसतं टीजीएफ-बीटाचं जनुक पोचवलं गेलं. ना प्रतिपिंड, ना कॉम्प्लिमेंट, तरी गाळण्यांत जाळं साचलं. पीडीजीएफचं जनुक दिलं तेव्हा प्रामुख्यानं पेशी वाढल्या. पेशी वाढवणारा संदेश आणि जाळं विणणारा संदेश, दोन्ही एकाच दाहात गुंतलेले असले तरी वेगळे आहेत, हे यातून नीट उलगडलं.

दुसरा पिंजरा

आता १९९४ कडे परत येऊ. एक इंजेक्शन मिळालेल्या रॅटमध्ये टीजीएफ-बीटा चढला आणि उतरला. दोन मिळालेल्यांत तो चढला आणि चढलेलाच राहिला. सगळा फरक या एका ओळीत आहे.

तो का उतरला नाही याचं एक कारण त्या रेणूच्या स्वभावातच आहे. टीजीएफ-बीटा पेशीला आणखी टीजीएफ-बीटा बनवायला लावतो. पेशीतून तो निष्क्रिय रूपात, एका आवरणात गुंडाळलेला बाहेर पडतो आणि जाळ्यात अडकून राहतो. पुढे थ्रोम्बोस्पाँडिन, काही विशिष्ट इंटिग्रिन किंवा प्लाझ्मिन यांच्यामुळे तो मोकळा होतो. म्हणजे साचलेलं जाळं हेच पुढच्या टीजीएफ-बीटाचं कोठार बनतं. पहिल्या जखमेचं कोठार रिकामं होण्याआधी दुसरी जखम झाली, तर भर दुपटीहून जास्त पडते, कारण नव्या इजेला आधीच रूप बदललेल्या, जाळं विणायला सज्ज पेशी आयत्या मिळतात. पाडकाम करणारी विकरं तेव्हाही दबलेलीच असतात.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. सीरम परक्या प्राण्याचं असतं. पहिल्या इंजेक्शननंतर रॅटचं शरीर त्या परक्या प्रथिनांविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं करू लागतं, आणि दुसरं इंजेक्शन त्या चिडलेल्या अवस्थेत पोचतं. मग वण पुनःपुन्हा झालेल्या इजेमुळे पडला की इजेची जातच बदलल्यामुळे? निव्वळ या प्रयोगातून हे दोन धागे पूर्ण सोडवता येत नाहीत.

पण दुसऱ्या वाटेनं उत्तर मिळतं. रॅटचं एक मूत्रपिंड आधी काढून टाकायचं आणि उरलेल्याला थाय-१ विरोधी प्रतिपिंडाचं एकच इंजेक्शन द्यायचं. असे प्रयोग जपानमध्ये आणि जर्मनीत झाले. इंजेक्शन एकदाच, तरीही मूत्रपिंड सावरत नाही. आजार महिनोन्‌महिने चालतो आणि वणाकडे जातो. इथे दुसऱ्या इंजेक्शनची जागा कामाच्या ताणानं घेतली. दोघांचं काम एकट्यानं ओढणाऱ्या मूत्रपिंडात प्रत्येक गाळणीतला रक्ताचा दाब आणि प्रवाह वाढलेला असतो. हा ताण स्वतःच गाळण्या खराब करतो, हे बोस्टनमध्ये बॅरी ब्रेनर यांच्या गटानं १९८० च्या दशकात मूत्रपिंडाचा बराचसा भाग काढलेल्या रॅटवर दाखवलं होतं. तेव्हा ‘दुसरी इजा’ हा शब्द सैल हातानं घ्यावा. ती प्रतिपिंडाची असू शकते, दाबाची असू शकते, साखरेची असू शकते. दुरुस्ती संपण्याआधी ती आली, एवढंच पुरतं.

वण गाळणीबाहेर कसा गेला

प्रतिपिंड चिकटलं होतं गाळणीत. वण मात्र पुढे, गाळलेला द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांच्या भोवतीही पसरला, आणि मूत्रपिंड किती दिवस काम करेल हे याच भागातल्या वणावरून सर्वात चांगलं सांगता येतं. मासन ट्रायक्रोमनं रंगवलेल्या कापात कोलॅजन निळं दिसतं. निरोगी मूत्रपिंडात नलिका एकमेकींना पाठी लावून बसलेल्या असतात, मध्ये निळं जवळजवळ नाहीच. आजारी मूत्रपिंडात आधी दोन नलिकांच्या मध्ये एक बारीक निळी रेघ येते, मग ती रुंदावते, आणि शेवटी निळ्या चिखलात रुतलेल्या चार सुकलेल्या नलिका उरतात. हे चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

गाळणीतून गळलेली प्रथिनं नलिकेच्या पेशींना परत शोषून घ्यावी लागतात. ते ओझं वाढलं की त्या मॅक्रोफेजना बोलावणारे संदेश सोडतात. गाळणी घट्ट झाली की तिच्या पुढे नलिकांना रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्याही कोरड्या पडतात, आणि प्राणवायूच्या तुटवड्यानं पेशी आणखी बिघडतात. २०१० मध्ये बोस्टनच्याच जोसेफ बॉनव्हेंत्र यांच्या गटानं माऊसमध्ये दाखवलं की, इजा झालेल्या काही नलिकापेशी दुभंगण्याच्या उंबरठ्यावर अडकून पडतात. मागे फिरत नाहीत, पुढेही जात नाहीत. अशा अडकलेल्या पेशी टीजीएफ-बीटासारखे वण घडवणारे संदेश सोडत राहतात.

जाळं विणणाऱ्या पेशी येतात कुठून, यावर मोठा वाद झाला. २००२ मधल्या एका माऊस अभ्यासावरून नलिकेच्या पेशीच रूप बदलून जाळं विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी होतात असं मानलं गेलं आणि ते पुढे पाठ्यपुस्तकांतही शिरलं. पुढे पेशींना कायमची खूण करून त्यांचा माग काढण्याचे जास्त काटेकोर प्रयोग झाले. त्यांत बहुतेक जाळं केशवाहिन्यांना बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइटसारख्या पेशींपासून येतं असं दिसलं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. नलिकेच्या पेशी हुकूम सोडतात, विणत नाहीत.

जनुकांचा पुरावा मूत्रवाहिनी बांधण्याच्या प्रयोगातून मिळाला. माऊसची एका बाजूची मूत्रवाहिनी बांधली की एक-दोन आठवड्यांत त्या मूत्रपिंडात दाट वण होतो. टीजीएफ-बीटाचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत नेणारं स्मॅड-३ हे प्रथिन ज्यांच्यात नव्हतं, अशा माऊसमध्ये हा वण खूपच कमी झाला. रॅटच्या गाळणीत सुरू झालेली गोष्ट माऊसच्या नलिकांमध्येही त्याच रेणूपाशी येऊन पोचली.

औषध एका पिंजऱ्यात, रुग्ण दुसऱ्यात

या कामाचा एक धागा रुग्णांपर्यंत खरोखर पोचला. अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक मेसँजियल पेशींना टीजीएफ-बीटा बनवायला लावतं, हे बॉर्डर यांच्याच गटानं १९९४ मध्ये दाखवलं. या संप्रेरकाला अडवणाऱ्या औषधांपैकी कॅप्टोप्रिलचा मधुमेहानं मूत्रपिंड बिघडलेल्यांना उपयोग होतो हे १९९३ मध्ये आणि लोसार्टनचा होतो हे २००१ मध्ये मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालं. त्यांचा फायदा नुसत्या रक्तदाबापेक्षा जास्त का असतो, याच्या उत्तराचा एक भाग या रॅटमध्ये आहे.

दुसरा धागा तुटला. टीजीएफ-बीटा-१ विरोधी प्रतिपिंड मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या ४१६ रुग्णांवर तपासलं गेलं. उपयोग होत नाही असं दिसल्यानं चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. रॅटमध्ये इतकं स्वच्छ उतरलेलं तत्त्व माणसात का चाललं नाही?

याची कारणं अनेक सांगितली जातात आणि त्यांत तथ्य आहे. रुग्ण आधीच अँजिओटेन्सिन अडवणारी औषधं घेत होते, म्हणजे टीजीएफ-बीटा काही अंशी आधीच उतरलेला होता. शिवाय हा रेणू दाह आवरण्याचंही काम करतो. टीजीएफ-बीटा-१ चं जनुक काढून टाकलेली माऊसची पिल्लं जन्मतात तेव्हा ठीक दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत अनेक अवयवांत पेटलेल्या दाहानं मरतात. वण घडवणारा मुकादमच आग विझवणाराही असेल, तर त्याला काढून टाकण्याची किंमत मोजावी लागते.

पण माझ्या मते मोठं कारण या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. १९९० आणि १९९२ चे गाजलेले प्रयोग एका इंजेक्शनच्या रॅटवर झाले. उपचार इजेच्या सोबतीनं सुरू झाला, आणि मोजमाप झालं ते अशा मूत्रपिंडात जे तसंही महिनाभरात सावरणार होतं. ती पहिल्या पिंजऱ्यातली परीक्षा होती. दवाखान्यात येणारा रुग्ण दुसऱ्या पिंजऱ्यातला असतो: कित्येक वर्षांच्या इजा, निम्म्याहून जास्त गाळण्या गेलेल्या, उरलेल्या ताणाखाली, आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना रासायनिक टाके घालून पक्के झालेले. नवं जाळं थांबवणं आणि जुनं, टाके पडलेलं जाळं उकलणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसऱ्या पिंजऱ्यातले प्रयोग कमी का होतात हेही समजण्यासारखं आहे. ते महाग असतात, लांबतात, आणि त्यात प्राण्याला महिनोन्‌महिने आजारी राहावं लागतं. आपल्याकडे १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार असा प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे मांडावा लागतो, आणि लांब प्रयोगाला समितीनं जास्त प्रश्न विचारावेत हे योग्यच आहे. पण आठवड्याभराचा प्रयोग आपोआप सौम्य ठरतो असं मला वाटत नाही. उत्तर चुकीच्या प्रश्नाचं मिळणार असेल, तर त्या आठवड्यात मेलेले प्राणीही वाया गेले. दुरुस्ती कुठल्या दिवशी आपोआप संपते आणि आपलं औषध त्याच्या आधी दिलं जातंय की नंतर, हा प्रश्न समितीनं प्रत्येक अर्जाला विचारायला हवा.

जुना वण उकलतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. १९९८ मध्ये पाओला फियोरेत्तो आणि सहकाऱ्यांनी टाइप-१ मधुमेहाच्या ८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना स्वादुपिंडाचं प्रत्यारोपण मिळालं होतं, त्यामुळे त्यांची साखर औषधाविना ताळ्यावर आली होती. मूत्रपिंडं त्यांची स्वतःचीच होती, मेसँजियममध्ये साचलेल्या जाळ्यासकट. प्रत्यारोपणानंतर ५ वर्षांनी बायोप्सी केली तेव्हा त्या जाळ्यात सुधारणा नव्हती. १० वर्षांनी केली तेव्हा ते उतरलं होतं, आणि गाळणीच्या पडद्याची जाडीही कमी झाली होती. रॅटला हेच काम करायला तीन आठवडे लागले होते.